सोललेली पाठ

गेल्या श्रावणात वहाळाला लोंढा आला आणि दोन खाचरांमधला बांध मधोमध खचून वाहून गेला. वरचं खाचर लडकूचं, खालचं त्याच्या चुलतभावाचं, नवशाचं. बांध दोघांचा. येत्या पावसाआधी तो उभा राहिला नाही तर वरच्या खाचरात पाणी टिकणार नव्हतं आणि खालच्यात गोटे-वाळू येऊन बसणार होती. मग दोन्ही घरांना भाताच्या नावानं पाणी सोडावं लागलं असतं.

होळी झाली तसं नवशानं लडकूच्या बायकोला, गुणाबाईला, सांगून टाकलं, "वयनी, घरामागं दोन माणसं. आमी नवरा-बायको येतो. तुमचं तुमी बघा."

गुणाबाईच्या घरात ती आणि तिची सासू बाईजा. बाईजाचे गुडघे धरलेले. अंगणातली राख उकिरड्यावर टाकून यायची तरी वाटेत दोनदा टेकायची. लडकू मुंबईला गिरणीत, सूतखात्यात, तोही रात्रपाळीला. वर्षातून दोनदा यायचा, शिमग्याला आणि भाताच्या कापणीला. आला की चार दिवस पाहुण्यासारखा राहून जायचा. शेत गुणाबाईनंच ओढलं होतं. त्यामुळे दुसरं माणूस कुठून आणायचं हा घोर तिला लागला होता, तोवर चैत्रात एका दुपारी लडकू स्वतःच दारात उभा राहिला. डोक्यावर ट्रंक, पायात बूट, आसनगावच्या स्टेशनापासून शेणव्यापर्यंत चालत आलेला.

"काय गो, पाणी दे," तो म्हणाला.

"आता कसे आले? शिमगा तर झाला."

"लढाई हाय. रातचे दिवे बंद, काचांना काळा कागद. आमच्या चाळीतले निम्मे लोक गावाला गेले. मी बी आलो."

गुणाबाईनं तांब्या दिला. बाँब पडतील म्हणून आला की आणखी कशासाठी, हे तिनं विचारलं नाही. तिला एवढंच कळलं की बांधाला दुसरं माणूस मिळालं.

कामाच्या पहिल्या दिवशी सगळे उन्हं वर आल्यावरच बांधावर जमले. नवशा खणायचा, लडकू खणायचा, गुणाबाई आणि नवशाची बायको गिरजा पाट्या वाहायच्या. गिरजाचं तान्हं पोर पळसाच्या फांदीला टांगलेल्या झोळीत निजलं होतं. लडकूच्या अंगात गिरणीतला पांढरा सदरा होता. दोन कुदळी मारल्या आणि तो घामानं पाठीला चिकटला.

नवशा कमरेवर हात ठेवून हसला. "लडकूदादा, सदरा मळंल ना रे! मुंबईचा कपडा. बाँबला भ्यालास तसा मातीला बी भितोस काय?"

लडकूनं कुदळ खाली टाकली, सदरा डोक्यावरून काढला आणि दगडावर फेकला.

गुणाबाई पाटीत माती ओढत होती. तिचा हात थांबला. नवऱ्याची पाठ तिनं अशी भर उन्हात कधी पाहिलीच नव्हती. मान आणि हात सावळे, पण गळ्याखालून कमरेपर्यंत सगळं फिकट, सावलीत वाढलेल्या कोंबासारखं. नवशाच्या काळ्या तुकतुकीत पाठीशेजारी ती पाठ तिला उघड्यावर ठेवलेल्या दुधासारखी वाटली. तिच्या मनात आलं, याला सदरा घालायला सांगावं. पण नवशापुढं बायकोनं सांगितलं तर तो मुळीच घालणार नाही, हेही तिला ठाऊक होतं. तिनं पाटी उचलली.

लडकू त्या दिवशी नवशापेक्षा जास्त खणला. भाकर खायला झाडाखाली बसला तोही घटकाभरच. पाणी प्यायला म्हणून गुणाबाईनं हाक मारली, तर "ही खेप होऊ दे" म्हणायचा. तिसऱ्या प्रहरी त्याच्या खांद्यांवर लाली चढली. नवशा म्हणाला, "रंग आला रे गड्याला!" लडकूही हसला.

तिन्हीसांजेला घरी आल्यावर त्याचं हसू गेलं. ओटीवर बसताना पाठ भिंतीला लागली आणि तो ओरडून उठला. गुणाबाईनं दिवा जवळ आणला. पाठ लालबुंद झाली होती. तळहात नुसता जवळ नेला तरी तव्यासारखी धग लागत होती.

बाईजा काठी टेकत आली. "अगो बाय माझे! चुना आन गोडंतेल फेस, गुणा. लाव लवकर."

"नको आत्या," गुणाबाई म्हणाली. "चुना आनखी जाळंल. आधी आग बाहेर पडू द्या."

गुणाबाईचं माहेर वैशाखरे गावाकडचं. बाप रानात कोळशाच्या भट्ट्या लावायचा. भट्टीवर कुणाचा ना कुणाचा हात पोळायचाच, आणि तिची आई जनी ओरडत धावायची, 'पाणी! आधी पाणी!' गुणाबाईनं मडक्यातलं पाणी परातीत ओतलं, आपलं जुनं लुगडं फाडलं, त्याचा पट्टा भिजवला आणि न पिळता त्याच्या पाठीवर पसरला. लडकूनं दात आवळले. पट्टा क्षणात कोमट झाला. तिनं तो उचलला, परत बुडवला, परत पसरला. बाईजा बघत बसली, मग स्वतःच उठून दुसरं मडकं सरकवत घेऊन आली.

"पोटात काय गेलं दिवसभर?" गुणाबाईनं विचारलं.

"भाकर."

"पानी?"

लडकूनं तोंड वळवलं.

तिनं चुलीच्या निखाऱ्यात दोन कैऱ्या पुरल्या, भाजून त्यांचा गर काढला, मीठ-गूळ घालून पाण्यात कुस्करला. तांब्याभर ते पाणी त्याला घोट घोट पाजलं. तो पालथा पडून प्याला, निम्मं चटईवर सांडलं. त्या रात्री त्याला कुशीवर होता आलं नाही.

सकाळी खांद्यांवर फोड धरले होते, पाण्यानं टम्म भरलेले. लडकूला ते दिसत नव्हते, पण बोटांना लागले. "काटा आन," तो म्हणाला. "फोडून टाक. पानी गेलं की बरं वाटंल."

"हात लावाल तर बघा!" गुणाबाई एकदम ओरडली. तिचा तो आवाज लडकूनं कधी ऐकला नव्हता. मग ती हळू झाली. "वरचं कातडं हाय तेच आतल्याचं पांघरून. ते गेलं की माशी बसंल, पू धरंल. फोड आपला आपन जिरतो."

परसात कोरफडीची दोन जुनी झुडपं होती. तिनं पात धुतली, कडेचे काटे काढले, पिवळा चीक गळू दिला आणि मधला थंड गर फोड नसलेल्या जागी हलक्या हातानं फिरवला. मग कामाची वेळ झाली म्हणून पदर खोचला.

"मी येतो," लडकू म्हणाला आणि उठायला गेला. सदरा अंगात घालताच त्याच्या तोंडून शिवी निघाली. सदऱ्याचं कापड पाठीला कानशीसारखं लागलं. तो परत पालथा पडला.

बांधावर नवशानं इकडं तिकडं पाहिलं. "आमचा मुंबईकर कुठं?"

"पाठ भाजली त्यांची."

"उन्हानं?" नवशा इतका हसला की त्याला ठसका लागला. "कुनब्याच्या पोराला ऊन लागलं! माझा बाप वैशाखात नांगर धरायचा. वयनी, बांधाला माणसं घरामागं दोन ठरली होती हां."

गुणाबाईनं लडकूची कुदळ उचलली. त्या दिवशी तिनं एकटीनं दोघांच्या पाट्या वाहायचा प्रयत्न केला. खणायचंही तिनंच आणि वाहायचंही तिनंच. संध्याकाळी मान वळेना. घरी आल्यावर तिच्या चालण्यावरून बाईजाला समजलं.

दुसऱ्या सकाळी बाईजा डोक्याला फडकं गुंडाळून दारात उभी. "चल. मी येते."

"आये, तू कुठं?" लडकू चटईवरून म्हणाला.

"बांधावर. दोन माणसं ठरली ना? मी माणूस नाय काय?"

लडकू पालथाच होता. दारातून त्याला दिसत राहिलं, आई काठी टेकत, दर पाच-दहा पावलांवर थांबत, सुनेच्या मागून चालली आहे. त्यानं तोंड चटईत खुपसलं. गिरणीत बारा वर्षं काढली, मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या, पण अशी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

दिवसभर त्याला करायला काही नव्हतं. तो ओटीच्या सावलीत पडून बाहेर बघत राहिला. सूर्य वर चढला तशा कोंबड्या तुळशीच्या आडोशाला गेल्या. कुत्रं उकिरडा सोडून न्हाणीच्या ओल्या जमिनीवर पसरलं. बैल आंब्याखाली बसून रवंथ करत होते. झाडावर पाखराचा आवाज नव्हता. साऱ्या गावात उघड्यावर काही हलत असेल तर त्या बांधावरची चार माणसं, आणि त्यात त्याची आई.

बांधावर दुपारी वेगळंच झालं. झोळीवरची पळसाची सावली सरकली. पळसाला आधीच पानं थोडी. पोर रडायला लागलं. गिरजाच्या डोक्यावर भरली पाटी होती.

"रडू दे गो," नवशा म्हणाला. "ही पाटी टाक, मग जा."

गिरजानं पाटी टाकली, मग आणखी एक टाकली. पोराचं रडणं बारीक झालं तेव्हा ती धावली. झोळी सबंध उन्हात होती. पोराचा एक गाल आणि उघडा पडलेला पाय लाल झाला होता. गिरजानं त्याला उचलून बाईजाकडं आणलं. बाईजा काठी टाकून खाली बसली, पोर मांडीवर घेतलं आणि त्याला आपल्या सावलीत धरलं. गुणाबाईनं मडक्यात फडकं बुडवून गालावर ठेवलं, पायावर ठेवलं. "पाज त्याला," ती गिरजाला म्हणाली. "पुन्हा पुन्हा पाज." पोर अंगावर लागलं, चोखायला लागलं, तेव्हा तिघींचा श्वास खाली बसला.

नवशा कुदळ घेऊन उभा होता. त्या दिवशी त्यानं काम लवकर थांबवलं.

संध्याकाळी गिरजा पोराला कडेवर घेऊन गुणाबाईकडं आली. पोराचा गाल निवला होता, ते बाईजाच्या काठीला धरायला बघत होतं. ओटीवर लडकू पालथा पडलेला. पाठीवर ओला पट्टा. दीर असा उघडा पाहून गिरजानं पदर पुढं ओढला आणि दाराच्या कडेला बसली.

"पोर कसं हाय?" लडकूनं मान न वळवता विचारलं.

"बरं हाय आता."

लडकू जमिनीकडं बघतच म्हणाला, "गिरणीत पाळ्या असतात. एक पाळी सुटली की दुसरी लागते. आपन बी तसं का नाय करत? कोंबडा आरवला की कुदळ धरायची. ऊन तापलं की सोडायची. उन्हं कलली की परत धरायची ती पार दिसेनासं होईपर्यंत. काम तेवढंच होईल."

"आन दुपारी?" बाईजानं विचारलं.

"दुपारी आंब्याखाली."

"लोक म्हणतील, शेणव्याचे लोक दिसाढवळ्या झोपा काढतात."

"म्हनू दे आये. आज गावातलं कुत्रं बी उन्हात नव्हतं. आपनच होतो."

गिरजा उठली. पोराला तिनं दुसऱ्या कडेवर घेतलं. "मी सांगते त्यांना," ती म्हणाली. "नाय ऐकलं तर त्यांनी एकट्यानं जावं दुपारी. मी माझं पोर घेऊन उन्हात नाय जायची."

नवऱ्याबद्दल असं बोललेली गिरजा गुणाबाईला नवीनच होती. गुणाबाई अंगणाच्या टोकापर्यंत तिला सोडायला गेली.

पहाटे लडकू उठला. फोड बसत आले होते, वरचं कातडं सुरकुतलं होतं. सदरा अजूनही सोसत नव्हता. गुणाबाईनं हिरव्या लुगड्याचा उरलेला तुकडा काढला. वर्षानुवर्षं धुऊन तो सायीसारखा मऊ झाला होता. तिनं तो त्याच्या खांद्यांवरून घेतला, मानेपर्यंत वर ओढला आणि दोन्ही टोकं छातीवर सैल बांधली.

"बायकोचं लुगडं?" लडकू म्हणाला.

"दुसरं काय हाय घरात मऊ? पायजे तर सासूचं देते."

आतून बाईजा हसली. लडकूही हसला, पण दारातून निघताना त्यानं वाटेवर दोन्हीकडं पाहून घेतलं.

नवशा आधीच बांधावर आला होता. उजाडायला अवकाश होता, म्हणून पहिल्यांदा त्याला ते लुगडं दिसलं नाही. दिसलं तेव्हा त्यानं तोंड उघडलं. मागून गिरजाची पावलं वाजली. नवशानं तोंड मिटलं, कुदळ उचलली आणि एवढंच म्हणाला, "हिरवा रंग शोभतो रे तुला."

"तुला बी शोभंल," लडकू म्हणाला. "तुझ्या वयनीला माग."

गिरजा मोठ्यानं हसली. मग चौघंही हसले आणि काम सुरू झालं.

पहाटेच्या गारव्यात माती नरम होती, कुदळ खोल जात होती. नवशाच्याही हे ध्यानात आलं. ऊन पाठीला चटका द्यायला लागलं तशी लडकूनं कुदळ उभी केली. नवशा आणखी थोडा वेळ एकटाच खणत राहिला, ताठ्यानं. मग तोही आंब्याखाली आला, पोराच्या झोळीजवळ आडवा झाला आणि घोरायला लागला. बाईजा दुपारी ताकाचं मडकं घेऊन यायची. तेवढंच काम तिच्याकडं ठेवलं होतं, आणि ते ती रोज उशीर न करता करायची.

पहिल्या दुपारी गुणाबाईला सुचेना. उजेडात, कामाशिवाय, नवऱ्याशेजारी बसायचं म्हणजे काय करायचं? तिनं पाटीची सैल वीण आवळायला घेतली. लडकू पालथा पडून गवताची काडी चघळत होता.

"तुझा बाप भट्टी कशी लावायचा?" त्यानं विचारलं.

लग्नाला इतकी वर्षं झाली, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. तिनं सांगितलं. लाकडं कशी रचायची, वर पालापाचोळा, मग ओली माती, धूर कसा ओळखायचा, पांढरा धूर निळा झाला की कोळसा तयार झाला. बोलता बोलता पाटी हातातून खाली राहिली. दुसऱ्या दुपारी त्यानं सांगितलं. सूतखात्यात कापसाचे कण हवेत कसे तरंगतात, दिव्याखाली पाऊस पडल्यासारखे दिसतात, घरी आलं की नाकातून निघतात. यंत्रांच्या त्या आवाजात बोलता येत नाही म्हणून खात्यातले लोक ओठ हलवून बोलतात.

"मग ओठांवरून समजतं?"

"समजतं."

गुणाबाईनं आवाज न करता ओठ हलवले.

लडकू तिच्या तोंडाकडं बघत राहिला. मग उठून त्यानं पाण्याचं मडकं तिच्याकडं सरकवलं. ती हसली. तिनं पाणीच मागितलं होतं.

आठवड्याभरात त्याची पाठ सोलायला लागली. खांद्यांवरचं कातडं पातळ पापुद्र्यानं सुटायचं आणि आत नवी गुलाबी कातडी दिसायची. त्याला खाज यायची. हात मागं गेला की गुणाबाई त्यावर चापट मारायची. "ओढू नका. गळंल तेव्हा गळंल." दुपारी सावलीत ती खोबरेलाचं बोट नव्या कातडीवर फिरवायची. नवशा झोपलेला, गिरजा पोराला पाजताना दुसरीकडं तोंड करून बसलेली. कुणी बघत नव्हतं तरी गुणाबाईचे कान गरम व्हायचे.

"मुंबईला कधी जानार?" तिनं एकदा विचारलं. तिचं बोट थांबलं नाही.

"गिरणी चालू हाय. बोलावनं येईल."

"मग?"

"भात लावून झाल्यावर बघू." थोडं थांबून तो म्हणाला, "रातपाळी नको वाटते आता."

एवढं तिला पुरलं.

वैशाख संपायच्या आत बांध उभा राहिला. शेवटच्या दिवशी नवशानं वरची माती धुम्मसानं ठोकली, बांधावर चढून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहिलं आणि खाली उतरताना लडकूच्या खांद्यावर हात टाकला. मग पाठ आठवून चटकन काढून घेतला. "दुखलं काय रे?"

"नाय. बरी झाली."

"बघू?" नवशानं कापड बाजूला करून पाहिलं. नवी कातडी सावळी व्हायला लागली होती, कुठं कुठं जुना गोरा डाग राहिला होता. "गायीसारखा कबरा झालास," तो म्हणाला आणि आपल्या कुदळी गोळा करून घराकडं निघाला.

दुसऱ्या दिवशी करायला काही काम नव्हतं. लडकूनं सकाळी बैल धुतले, गुणाबाईनं नाचणी दळली. ऊन वर आलं. बाईजा ओटीवर पडली आणि तिचा डोळा लागला. गुणाबाईनं जातं पुसून ठेवलं, हात धुतले, मडक्यात ताक घेतलं. लडकूनं तिच्याकडं पाहिलं आणि ओठ हलवले, आवाज न करता.

तिला समजलं. मडकं डोक्यावर घेऊन ती पुढं निघाली, आणि तो अंगावर कापड घेऊन तिच्या मागून आंब्याकडं चालू लागला.